सूत जुळेना

शिरूरास माझी ॲम्बॅसिडर आणि दौंडास साडूभाऊंची फियाट, अशी दोन वाहने एकाच सोयरिकीत सुखाने नांदत असता, गेल्या दिवाळीत दौंडच्या अंगणात दोहोंची डागडुजी करताना पान्यांच्या पिशव्यांची अदलाबदल झाली. आणि तिचा उलगडा मला झाला तो थेट होळीच्या सुमारास, साडूभाऊंकरिता भरलेली शाळूची गोणी पोटात घेऊन डिकीने मौन धारण केले तेव्हा. दोष गाडीचा नव्हे. झाकण गुडघ्याने दाबून बसवणारा मीच.

किल्ली फिरे, मूठ वळे, झाकण मात्र ढिम्म. गावातला मिस्त्री यात्रेला गेलेला. मागच्या आसनाची पाठ उतरवून आत हात घातला, तेव्हा कडीचे दोन बोल्ट काढल्यावाचून तरणोपाय नाही असे ध्यानी आले. पिशवी उघडली, तो बारा-तेरा, चौदा-पंधरा असे सारे मिलिमीटरचे पाने! ॲम्बॅसिडर ही विलायतेच्या मॉरिस ऑक्सफर्डची लेक, तिचा संसार इंचांचा. फियाटचे माहेर इटली, तिचा मिलिमीटरांचा. माझ्या बोल्टाचे डोके अर्ध्या इंचाचे, मिस्त्रींच्या भाषेत चार सुती, म्हणजे 12.7 मिलिमीटर. तेराचा पाना त्यावर असा सालसपणे बसला, की तीन दशांश मिलिमीटरांची तफावत मला क्षुल्लक वाटली. जोर करताच तो निसटला, माझी पेरे सोलवटली आणि बोल्टाचा एक कोपरा गुळगुळीत झाला. मुळीच न बसणारा पाना प्रामाणिक असतो, कारण तो पहिल्या भेटीतच नकार देतो. घात होतो तो जवळजवळ बसणाऱ्याकडून.

सरकारने 1956 साली कायदा करून 1 ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक मापांचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू केला, शेर-मणांना निरोप दिला आणि वाराच्या गादीवर मीटर बसवला. परंतु नटाला राजपत्र वाचता येत नाही, आणि आमच्या मिस्त्रीच्या दरबारी इंचाचे आठ सूत हीच सनद अद्याप चालू आहे.

अखेर बंद डिकीसह न्हावरे, चौफुला, पाटस अशी मजल करीत दौंड गाठले. साडूभाऊ फाटकातच उभे. हाती माझी पिशवी आणि मुद्रेवर माझ्याच जातीची व्यथा.

“अहो, तुमचा पाना आमच्या बारा मिलिमीटरच्या नटांना सैल होतो. चार नट गोल झाले.”

“आणि तुमचा आमच्या बोल्टाला,” मी बोटे दाखवली.

साडूभाऊ रेल्वेतले. ज्या जंक्शनात साडेपाच फुटी रुळांवरच्या गाडीतून उतरून बारामतीच्या अडीच फुटी गाडीत एके काळी बसावे लागे, तेथे हयात घालवलेल्या गृहस्थाने तरी मापांची गफलत करू नये, असे माझ्या ओठांवर आले होते. पण तसे बोलण्याइतका माझा पक्ष बळकट नव्हता.

चार सुती पाना उरलेल्या पाच कोपऱ्यांवर घट्ट बसला, बोल्ट कुरकुरत सुटले आणि झाकण वर झाले. कडीत अडकली होती गोणीच्या तोंडाची वीतभर सुतळी! तिच्यापायी दोन घरांचे सूत तुटायचे ते थोडक्यात वाचले.

पुन्हा घोटाळा नको म्हणून साडूभाऊंनी सरकारी शिस्तीने फेरतपासणी करून यादी लिहिली आणि दोघांनी सह्या केल्या. शिरूरास परतून पिशवी उघडली, तो अर्ध्या इंचाचा पाना गायब, आणि त्याच्या जागी तोच सालस बारा-तेरा. मी संतापून यादी काढली. तीत लिहिले होते: ‘पाने, नग आठ.’ मोजले. बरोबर आठच होते.