आत्याचं पाणी

पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी ते 'उशिरा आणि कमी दाबाने' येईल, असं पेपरात छापून येतं. आमच्या आत्याचा पेपरावर विश्वास आहे, पाण्यावर नाही. म्हणून ती "आलं का बघू" म्हणत तासातासाला नळ उघडून पाहते. उघडलेला नळ बंदही करायचा असतो, हे मात्र त्यातून पाणी आलं तरच तिला आठवतं. त्या शुक्रवारी सकाळी नळ असाच राहिला, सिंकच्या जाळीवर फडकं बसलं आणि आम्ही सगळे लग्नाला गेलो. पाणी आलं. दाब म्हणाल तर भरपूर होता.

परतलो तेव्हा पाणी जिन्यावरून आमच्या स्वागताला खाली येत होतं. आम्ही दारातच खिळलो. साडी खोचून आत धावली ती आत्या. नळ तिनेच बंद केला. कुठला उघडा आहे हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. मग स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "हे काय पाणी आहे? पानशेतचं बघायला हवं होतंत!" 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, तेव्हा ती नारायण पेठेत शाळकरी मुलगी होती. त्याखालचं कुठलंही पाणी तिच्या लेखी सादळण्यात जमा.

पण खालच्या काकू छताला आलेली ओल सांगायला वर आल्या आणि आत्याला रडूच फुटलं. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे घरातल्या सिंकच्या गळतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. आत्या कुणाची, यावर उपविधी गप्प आहेत. बायकोच्या मते त्यात शंकेला जागाच नाही. सुताराने फुगलेल्या ट्रॉल्या ठोकून पाहिल्या. "साहेब, एमआर प्लाय दमटपणा सोसतो, पूर नाही." रंगारी म्हणाला, भिंत पुरती वाळल्याशिवाय पुट्टी लावली तर पोपडे धरतील, तेव्हा थांबा.

परक्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. घरच्या माणसाच्या बाबतीत, ज्यांचं नुकसान झालं त्यांनीच नुकसान करणाऱ्याची समजूत काढायची असते. "अगं, फरशी कशी लख्ख झाली बघ," बाबा म्हणाले. "ट्रॉल्या तशाही जुन्याच होत्या," बायको दात आवळून म्हणाली. आत्याला हे इतकं पटलं की डोळे पुसून तिने फोन हातात घेतला.

पहिल्या फोनमध्ये नळ 'राहिला' होता. दुसऱ्यात तो 'बिघडला'. नाशिकच्या काकांपर्यंत गोष्ट पोचली तोवर आमची सगळ्यांची पाचावर धारण बसली होती आणि एकटी आत्या पाण्यात उतरली होती. यातलं शेवटचं वाक्य खोटं म्हणायची सोय नव्हती.

रात्री काकांचा फोन आला. "ताई होती म्हणून निभावलं तुमचं! आता महिनाभर सोडू नका तिला."

"हो काका," म्हणालो आणि आमच्या घराचा मेन व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे, ते वॉचमनला विचारायला खाली उतरलो.