तंद्री चालू आहे

लिहिणाऱ्यांच्या जमातीत एक पोटजात असते. ती लिहीत नाही, लिहिण्याच्या तयारीत असते. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारे भाऊ या पोटजातीचे तहहयात अध्यक्ष शोभतील. त्यांच्या दारावर पाटी आहे : ‘तंद्री चालू आहे. कृपया बेल वाजवू नये.’ खाली वहिनींनी पेन्सिलीने भर घातली आहे : ‘दूधवाल्याने वाजवावी.’

भाऊ एके काळी खरोखर लिहीत असत. आता कोणाला पटत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. ते बँकेत कॅश काउंटरला होते. लोकलमध्ये कोणाच्या तरी बगलेखाली उभ्याने सुचलेलं, दुपारी पेन्शनरांची रांग जरा ओसरली की पे-इन स्लिपांच्या पाठीवर उतरायचं. समोरून कोणीतरी ‘अहो, पासबुक!’ म्हणून ओरडत असे आणि भाऊंच्या कथेतली नायिका त्याच आवाजाला दचकून मागे बघत असे. अशा दचकणाऱ्या कथा बऱ्यापैकी दिवाळी अंकांतून छापून आल्या. मग भाऊंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. म्हणाले, ‘आता पूर्णवेळ लेखन.’ तेव्हापासून त्यांची एकही कथा पुरी झालेली नाही.

निमित्त झालं एका पुस्तकाचं. मिहाय चिकसेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं ‘फ्लो’, 1990 सालचं. मुलाने वाढदिवसाला दिलं. हे नाव भाऊ एका दमात, न अडखळता घेतात आणि घेऊन झाल्यावर समोरच्याकडे टाळीच्या अपेक्षेने बघतात. पुस्तक चांगलं आहे, मीही वाचलंय. चित्रकार, बुद्धिबळपटू, कडे चढणारे, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अशा लोकांना बोलतं करून या माणसाने सांगितलं, की काम आपल्या कुवतीला जरासं ताणणारं हवं, नेमकं काय करायचंय ते ठाऊक हवं आणि जमतंय की बिघडतंय ते हातोहात कळायला हवं. तसं झालं की माणूस त्यात असा बुडतो, की वेळेचं भान राहत नाही, भुकेचं राहत नाही आणि ‘मी’ नावाचा प्राणीही थोडा वेळ गप्प बसतो. भाऊंनी हे सगळं अधोरेखित केलंय. बुडण्याचा भाग लाल शाईने, कामाचा भाग पेन्सिलीने.

मग सामानाची जमवाजमव सुरू झाली. हेमिंग्वे उभ्याने लिहायचा असं कळल्यावर इस्त्रीचं टेबल बेडरूममधून हॉलमध्ये आलं. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून पंचवीस-पंचवीस मिनिटं अभ्यासाची पद्धत काढली हे वाचून भाऊ तसा टोमॅटो शोधत फडके रोडभर फिरले. तो मिळेना, तेव्हा त्यांनी कुकरच्या शिट्ट्यांवर भागवलं. चार शिट्ट्या लेखन, एक शिट्टी विश्रांती. आमटीला हा हिशेब मानवला नाही. पुढे शिलरच्या टेबलाच्या खणात कुजकी सफरचंदं असत आणि त्या वासाशिवाय त्याला लिहिता येत नसे, ही गटेने सांगितलेली आठवण त्यांच्या वाचनात आली. सफरचंदं महाग म्हणून भाऊंनी पेरू ठेवले. कथा आली नाही, मुंग्या आल्या. त्या दिवशी दुपारभर भाऊ जमिनीला नाक लावून मुंग्यांचा माग काढत होते. कुठल्या फटीतून निघतात, कुठे वळतात, खडूची रेघ नेमकी कुठे ओढली की फिरतात. दोनदा हाक मारूनही चहाला उठले नाहीत. रात्री मला म्हणाले, ‘आजचा दिवस फुकट गेला रे.’

नंतर बाहेरचा आवाज गिळणारे हेडफोन आले. त्यांनी बेलही गिळली आणि सिलिंडरवाला परत गेला. वहिनींनी तो आठवडा इंडक्शनवर काढला. त्या भाऊंना एवढंच म्हणाल्या, ‘तुमचा प्रवाह येईल तेव्हा येवो, गॅस मात्र नंबर लावून येतो.’

1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या प्रतिभेला आषाढ-श्रावणात खाडा करता येत नाही. भाऊंनाही त्या सुमाराला जुन्या ओळखीच्या संपादकांचा फोन येतो. ‘कथा डोक्यात तयार आहे,’ भाऊ सांगतात, ‘फक्त उतरायची आहे.’ मी ती उतरताना पाहिली आहे. कागदावर एक वाक्य होतं : ‘पाऊस कोसळत होता.’ त्यातलं ‘कोसळत’ खोडून ‘पडत’ केलेलं, ‘पडत’ खोडून पुन्हा ‘कोसळत’. बाहेर तोपर्यंत ऊन पडलं होतं.

आता मिक्सरची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय भाऊ पुरे होत नाहीत.

आमच्या मजल्यावरच्या आजींचा मिक्सर ऐन चटणीत बंद पडला. पाटी न जुमानता त्यांनी बेल वाजवली. भाऊ त्रासिक चेहऱ्याने बाहेर आले, मिक्सर उलटा केला, खालचं लाल ओव्हरलोडचं बटण दाबलं. ढिम्म. मग त्यांनी स्क्रू काढले. कार्बन ब्रश झिजलेले निघाले. ते आणायला स्वतः गेले, तिथे दुकानदाराशी लांबीवरून वाद घातला, परत येऊन बसवले. मोटर फिरली, पण भांड्यातलं पातं फिरेना, कारण बुश जाम. तेल सोडून, हलक्या हाताने ठोकून ते सोडवलं. कपलर काढायला गेले तर निघेना. त्याचे आटे उलटे असतात हे लक्षात आल्यावर एकटेच हसले. मी शेजारी बसून बोलत होतो, त्यांना ऐकू येत नव्हतं, आणि हेडफोन तर घरात होते. जेवणाची वेळ टळली. शेवटी मिक्सर गरगरला, भाऊंनी डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि म्हणाले, ‘अजून थोडा घासतोय.’ पुन्हा उघडला.

कुवतीला ताण होता, काय करायचं ते स्पष्ट होतं, बिघडलेलं क्षणात कळत होतं. लाल शाई आणि पेन्सिल दोन्ही. हे मी त्यांना पुस्तकातलं पान काढून दाखवलं. ते दुखावले. ‘अरे, ही हमाली. मी सर्जनाबद्दल बोलतोय.’ याच मानसशास्त्रज्ञाने शिकागोतल्या नोकरदारांना आठवडाभर पेजर दिले होते. तो वाजला, की हातात काय काम आहे आणि मनात काय चाललंय ते लिहायचं. लोकांना ही बुडून जाण्याची अवस्था फावल्या वेळापेक्षा कामावर जास्त लाभत होती, आणि कामावर असतानाच आपण इथे नसतो तर बरं, असंही त्यांना अधिक वाटत होतं. हा भाग भाऊंनी अधोरेखित केलेला नाही.

गेल्या दिवाळीला मात्र संपादक हातघाईवर आले. ‘चार पानं रिकामी आहेत, उद्या सकाळपर्यंत काहीही द्या.’ त्या रात्री वीज गेली. भाऊंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर, इमर्जन्सी दिव्याखाली, वहिनी लसूण सोलत असताना ‘सर्जनाचा प्रवाह कसा गाठावा’ हा लेख एकटाकी लिहून दिला. लेख झकास उतरला. भाऊ त्याला लेखन मानत नाहीत, ‘नड भागवली’ म्हणतात.

त्या लेखावरून त्यांना एका व्याख्यानमालेचं बोलावणं आलं. भाऊ खादीचा झब्बा घालून व्यासपीठावर गेले. ‘मित्रहो, तंद्री म्हणजे’ एवढं म्हणाले आणि माइक शिट्टी मारून बंद पडला. अध्यक्षांनी त्यावर बोटाने टिचक्या मारल्या. भाऊंनी अँप्लिफायरकडे एकदा पाहिलं आणि झब्ब्याच्या बाह्या वर केल्या. मी तेव्हाच घड्याळ बघायचं सोडलं. ते खाली उतरले, वायरींचा गुंता उलगडला, कोणाकडून तरी टेस्टर मागितला, गुडघ्यावर बसले. श्रोते आधी कुजबुजले, मग चहाला गेले, मग घरी. साउंडवाला पोरगा भाऊंच्या खांद्यावरून मोबाइलचा उजेड धरून उभा होता. ‘काका, पिन सैल आहे.’ ‘पिन नाही रे, आतला टाका सुटलाय. डाखणी आहे?’

आवाज आला तेव्हा सभागृहात अध्यक्ष, वहिनी, मी आणि वॉचमन होतो. अध्यक्षांना कोणाचे तरी आभार मानणं भाग होतं. त्यांनी ते ध्वनिव्यवस्थेचे मानले. भाऊ रिक्षात अवाक्षर बोलले नाहीत.

परवा त्या मंडळाकडून पुन्हा फोन आला. पुढचं वर्ष सुवर्णमहोत्सवी आहे, पाचही दिवस याल का, विचारत होते. भाऊ विषय विचारून घेणार होते. वहिनींनी फोन काढून घेतला, मानधन विचारलं आणि म्हणाल्या, ‘डाखणी मात्र तुमची हवी.’