पंचवीस फुटी गणपती, चोवीस फुटी होडी

इंदूरला समुद्र नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या आतेभावाला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. दादा निवृत्त झाला. सकाळी पोहे-जिलेबी आणि रात्री सराफ्यातलं खाणं हे निवृत्त इंदूरकराचं नित्यकर्म त्याने सहा महिने नेमाने केलं, आणि मग कंटाळून गोव्याहून फायबरची एक जुनी होडी विकत घेतली. ट्रेलरवर घालून ती थेट बडा गणपतीमागच्या गल्लीत, वाड्याच्या चौकात आणून उभी केली. डागडुजी घरी करायची आणि मग सात-आठशे किलोमीटर नेऊन कोकणात हर्णैला पाण्यात सोडायची, असा बेत.

“तू कोकणातला. तुला होडीतलं कळतं. ये,” असा फोन आला. मी कोकणातला म्हणजे लग्नपत्रिकेतल्या ‘मूळ गाव’पुरता. राहतो डोंबिवलीला. पण वहिनींच्या हातचा भुट्ट्याचा कीस आठवला आणि मी अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

स्टेशनवरून रिक्षा केली. “बडा गणपती” एवढं म्हटलं की इंदुरात पत्ता पुरा होतो. आधी दर्शन घेतलं. पंचवीस फुटांची बैठी मूर्ती, नखशिखांत शेंदरी. पायांशी उभं राहून मुकुट बघायचा तर मान मोडते. वीट-चुन्यात गूळ आणि मेथी घालून, तीर्थक्षेत्रांची माती आणि पाणी मिसळून ती घडवली असं सांगतात. शेंदूर-तुपाचा चोळा चढवायचा तर पाड बांधावा लागतो आणि दिवसचे दिवस जातात.

“आमची होडी चोवीस फूट आहे,” वहिनी म्हणाल्या. “गणपतीपेक्षा एक फूट कमीच घ्या म्हटलं मी. मर्यादा नको का?”

होडीत सगळं होतं, संडास नव्हता. म्हणजे पूर्वी होता. त्या जागी आता दोन भोकं आणि भिंतीवर एक डाग उरला होता. नवीन कमोड दादाने खोक्यातून मागवलेला. बुटका, बाजूला हातपंप, आणि सोबत चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक. माझं काम ते पुस्तक वाचायचं. हात चालवायला गल्लीतले उस्ताद होते. चाळीस वर्षं नळकाम केलेले, कानावर पेन्सिल, खिशात लोहचुंबक.

उस्तादांनी भोकांत डोकावून पहिला प्रश्न विचारला, “ढाल किधर है?”

सगळा घोळ इथेच आहे. जमिनीवरच्या नळकामाचं सारं शास्त्र ढाळावर चालतं. टाकी वर, गटार खाली, मधलं देव बघतो. होडीत कमोड बसतो पाण्याच्या पातळीच्या खाली. ओतलेलं खाली जायला खाली जागाच नाही, आणि बाहेरचा अख्खा समुद्र आत यायला टपलेला. दीड इंची भोक पाण्याखाली दोन फुटांवर उघडं राहिलं, तर मिनिटाला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी आत येतं. मी हिशेब करून दाखवला. उस्ताद म्हणाले, “इत्ता तो भिया, नर्मदा की लाइन में भी नी आता.”

प्रत्येक भोकावर सीकॉक बसवायचा, म्हणजे आडव्या-उभ्या दांड्याचा कॉक. दांडा नळीच्या रेषेत असला की उघडा, आडवा झाला की बंद. उस्तादांनी झोळीतून पितळी कॉक काढला. वजनदार, चकचकीत, मोह पडावा असा. मी पुस्तक आडवं घातलं. पितळेत जस्त असतं आणि खारं पाणी ते हळूहळू चोरून नेतं. मागे उरतं गुलाबी, भुसभुशीत तांबं. वरून कॉक ठणठणीत दिसतो आणि एक दिवस दांडा फिरवताना हातात येतो. समुद्रात पितळ अक्षरशः उघडं पडतं. इथे कांस्यच पाहिजे. उस्तादांनी पितळी कॉक परत झोळीत ठेवला, पण अपमान झाल्यासारखा.

क्लॅम्पच्या बाबतीत मात्र त्यांनी आम्हाला शिकवलं. नळीच्या प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लॅम्प, असं पुस्तक सांगतं. दादाने स्टेनलेसचे डझनभर आणले होते. उस्तादांनी चुंबक लावला. पट्टीला चिकटला नाही, स्क्रूला टचकन चिकटला. “पट्टा साहब है, पेच चपरासी.” स्क्रू गंजला की पट्टीच्या साहेबीला कोण विचारतो? डझनच्या डझन परत गेले.

मग आली खरी गंमत. नळी कमोडपासून थेट कॉककडे न्यायची नसते. आधी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर चढवायची, तिथे वळवायची आणि मग खाली आणायची. आत येणाऱ्या नळीलाही तसंच. उस्तादांना हे पटेना. पाणी वर कशाला चढवायचं? मी हात वर करून, वळवून दाखवत होतो. ते माझ्या हाताकडे बघत राहिले आणि एकदम म्हणाले, “सूंड!” देवळाच्या दिशेला मान झुकवली. “माथे तक जाएगी, फिर नीचे.” त्यानंतर सगळ्यांनी त्या वळणाला सोंडच म्हटलं.

दोन दिवसांत सोंडा बसल्या. परीक्षेसाठी समुद्र हवा होता. दादाने दोनशे लिटरचं पिंप कमोडपेक्षा उंच चौथऱ्यावर ठेवून नळीने कॉकला जोडलं. चौक भरला. शेजारच्या आजी खुर्ची घेऊन आल्या. मी पंपाचा दांडा चार वेळा हलवला, पाणी आलं. टाळ्या. मी दांडा सोडला. पाणी येतच राहिलं.

भांडं भरलं, काठोकाठ आलं, सांडलं, होडीच्या तळाशी साचलं आणि तिथल्या भोकातून वहिनींच्या रांगोळीवर उतरलं. “कॉक! कॉक!” मी ओरडलो. दादाने दांडा फिरवला, तो जोरात उघडण्याच्या दिशेने. शेवटी उस्तादांनी पिंपालाच लाथ मारली आणि समुद्र संपला.

सोंडेच्या माथ्यावर हवा आत घेणारं एक बारीक छिद्र असतं. रॉकेलच्या डब्यातून नळीने तेल काढताना एकदा ओढ लागली की ते आपोआप वाहत राहतं. ती ओढ तुटावी म्हणून वरून हवा लागते. ते छिद्र मला सापडेना.

“वो छेद?” उस्ताद म्हणाले. “कंपनी की गलती थी. मैंने एम-सील भर दी.”

मी त्यांना यू-१२०६ ची गोष्ट सांगितली. १४ एप्रिल १९४५, स्कॉटलंडजवळ एक जर्मन पाणबुडी, आतला संडास उच्च दाबाचा, चालवायला खास शिकवलेला माणूस. तिथे चूक झाली, समुद्राचं पाणी बॅटऱ्यांवर गेलं, क्लोरीन वायू सुटला, पाणबुडी वर आणावी लागली, वरून विमानं आली आणि ती गमवावी लागली. उस्ताद बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सुई तापवून ते छिद्र मोकळं केलं. दुसऱ्या परीक्षेत दांडा सोडला आणि पाणी जागच्या जागी थांबलं.

मैला कुठे सोडायचा यावर मात्र वादच झाला नाही. मोठ्या जहाजांना मार्पोल करारानुसार प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. आपली होडी लहान, असं मी म्हणताच दादा उसळला. “स्वच्छतेत पहिलं येणारं शहर आहे हे! माझी घाण मी समुद्रात टाकू?” चाळीस लिटरची टाकी बसली. प्रत्येक कॉकशेजारी दोरीने एकेक निमुळतं लाकडी बूच बांधलं, कॉक तुटलाच तर भोकात ठोकायला. उस्ताद दर्शनाला जाऊन आले आणि दोन्ही दांड्यांना शेंदराचं बोट लावलं.

संध्याकाळी वहिनी पाहणीला आत उतरल्या. पंप हलवून बघितला, सोंडेवर हात फिरवला, बुचं मोजली. मग वळून म्हणाल्या, “भाऊजी, सगळं झालं. पण धुवायचं कशाने?”

मी पुस्तक चाळलं. चाळीस पानांत त्याचा उल्लेख नव्हता. दादाने उस्तादांकडे बघितलं, उस्तादांनी सोंडेकडे. वहिनी वर गेल्या आणि न्हाणीघरातला गुलाबी प्लॅस्टिकचा मग घेऊन आल्या. बुचाची दोरी थोडी उरली होती, तिला तो बांधून टाकला.