बाभळीचे वनगमन

जळाऊ लाकडाची वखार काढणे हा केवळ भांडवलाचा प्रश्न आहे, असे ज्यांस वाटते, त्यांनी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे पारायण केलेले नसावे. बांधावर वाढलेली, अरण्याचे दर्शनही न घडलेली बाभूळ उभी असेतोवर केवळ झाड असते. परंतु वादळाने अथवा कुऱ्हाडीने ती आडवी होताच, वनातून आलेली असो वा नसो, कलम २ अन्वये तिला वनोपजाची पदवी प्राप्त होते, आणि हयातीत न लाभलेले अरण्य मरणोत्तर तिच्या नावे दाखल होते. सरकारने तिच्या जातीस मेहेरबान होऊन माफी दिलेली नसेल, तर तिच्या या अंत्ययात्रेसही कलम ४१ खालील नियमांनी वाहतुकीचा परवाना लागतो.

कायद्याच्या तावडीतून सुटलेले लाकूड निसर्गाच्या कचेरीत सापडते. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाचा जवळजवळ निम्मा हिस्सा पाण्याचा असल्यामुळे, ते तसेच विकल्यास गिऱ्हाईक धुराने रडते, आणि महिनोन्‌महिने रचून वाळविल्यास वखारवाला घटलेल्या वजनाने रडतो. या धर्मसंकटाचा निवाडा व्यवहारदक्ष मंडळींनी केव्हाच केलेला आहे : ते सरपणाच्या भावाने पाणी विकतात. तराजू ओलावा पाहत नाही. चूल पाहते, परंतु तिला तक्रारअर्ज लिहिता येत नाही.