एकरवाल्यांचं गावठाण

भोर आणि वेल्हे तालुक्यांत परवडणारी घरं होत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना रस्त्याकडेचे फलक वाचलेले दिसत नाहीत. तोरण्याचा व्ह्यू, कलेक्टर एनए, स्वतंत्र सातबारा, सुलभ हप्ते. शिवाय बॅकवॉटर टच! पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा-देवघर, एवढी धरणं या दोन तालुक्यांत आहेत. ज्यांची घरं त्यांच्या पाण्याखाली गेली, त्यांना पाण्याचा व्ह्यू असा फुकटातच मिळाला होता. त्यांना त्याची किंमत कळली नाही, याला शासन काय करणार?

नियमांना घराविषयी कळवळा नाही, असंही नाही. शेतात शेतघर बांधायचं तर किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर जमीन हवी. तेवढी असली की जमीन महसूल संहिता 150 चौरस मीटरचं जोतं घालू देते. 0.6 हेक्टरच्या पुढे गेलात तर 400. तिथे राहून शेतकरी नांगरट करील, धान्य भरून ठेवील, अशी कायद्याची भाबडी समजूत आहे. ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. शनिवारी संध्याकाळी निळ्या फरशीच्या शेततळ्यात पाय सोडून बसलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

आता गावातल्या पोराचं बघा. लग्न ठरलं, जुन्या घरात भावाचा संसार, गावठाणात तसूभर जागा नाही. त्याला हवा शेतजमिनीतला एक गुंठा. इथे कायदा खडबडून जागा होतो. तुकडेबंदी! कायदा 1947चा, आणि 2023च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायत किमान 20 गुंठे, बागायत 10. म्हणजे परवडेल तेवढीच जमीन घेतली तर तो तुकडा ठरतो आणि एकरभर गवत वाढवलं तर ती शेती. 2024 साली सरकारला दया आली. घरकुलाच्या लाभार्थ्याला 1,000 चौरस फुटांपर्यंत जागेची सवलत मिळाली, तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने. जागेसाठी एक लाखापर्यंत अनुदानाचीही योजना आहे. नसरापूर परिसरात लाखात किती जागा येते, ते त्या फलकांवरच्या नंबरला फोन करून विचारावं.

नियम ताठर असतात, हा आणखी एक गैरसमज. 1996 साली खास गिरिस्थानांसाठी नियम झाले. 2001 साली मुळशी आणि वेल्ह्यातली 18 गावं गिरिस्थान म्हणून जाहीर झाली आणि 2008 साली तिथे शहर वसवणाऱ्या लवासा कंपनीलाच त्याचं विशेष नियोजन प्राधिकरण केलं गेलं. नकाशा आपलाच, मंजुरी देणारेही आपणच. 2017 साली हा मान काढून घेतला गेला. आता वेल्ह्यातल्या एखाद्या धनगरवाड्याने त्यासाठी अर्ज करून पाहायला हरकत नाही.

या भागाच्या विकास आराखड्याची मात्र घाई करू नये. पुणे महानगर प्रदेशाच्या विकासाची यंत्रणा, पीएमआरडीए, 2015 साली स्थापन झाली, प्रारूप आराखडा 2021 साली आला, हरकतींचा पाऊस पडला आणि 2025 साली तो गुंडाळला गेला. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचं तर 2014 ते 2024 या काळात सहा वेळा प्रारूपच निघालं. मध्यंतरी मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली, ते बरं झालं. निदान पत्ता तरी ऐतिहासिक झाला.

तरीही दोन आगाऊ सूचना. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत 4,000 चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांवर 20 टक्के जागा छोट्या घरांसाठी ठेवण्याचा नियम आहे. तोच इथल्या बंगल्यांच्या प्लॉटिंगला लावा. लॉन कापणारा, भांडी घासणारी आणि रात्री फाटक उघडणारा कुठेतरी झोपत असेलच ना? दुसरं म्हणजे, गावठाणापासून 200 मीटरपर्यंतच्या निवासी जमिनीला अकृषिक परवानगीची कटकट कमी करणारी तरतूद महसूल संहितेत आहे. पण प्लॉट केवढा असावा, हे ती सांगत नाही. त्यामुळे तिथेही गावच्या पोराआधी एजंट पोचतो.

नवा आराखडा हरकतींसाठी येईल तेव्हा भोर-वेल्ह्याच्या ग्रामसभांनी एवढंच लेखी द्यावं: गावठाणाभोवतीच्या या पट्ट्यात दोन गुंठ्यांहून मोठा निवासी प्लॉट पडू नये. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.