विश्रांतिवीर

व्यायाम करणारा मनुष्य आणि न करणारा मनुष्य अशा दोन जाती आपल्या समाजात फार पूर्वीपासून नांदत आलेल्या असून, पहिल्याने दुसऱ्याला उपदेश करावा आणि दुसऱ्याने तो लोडाला टेकून ऐकावा, हा उभयतांमधला तहनामा पिढ्यानपिढ्या बिनतक्रार पाळला जात होता. परंतु अलीकडे पुण्याच्या कोथरूड-बाणेरादी उपनगरांत जी वातानुकूलित व्यायामगृहे उदयास आली, त्यांच्या पोटी एक तिसरीच जात जन्मास येऊन तिने हा तहनामा पार मोडीत काढला आहे. या जातीचा मनुष्य विश्रांती घेतो. विश्रांती तुम्हीआम्हीही घेतो, किंबहुना त्या कामी आपला अनुभव त्याच्याहून दांडगा आहे. परंतु आपण ती घेऊन विसरून जातो, आणि तो ती आखतो, पार पाडतो, तिची रीतसर नोंद ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी भेटेल त्याला तिचा साद्यंत वृत्तांत सांगतो. त्याला मी विश्रांतिवीर म्हणतो.

हा विश्रांतिवीर बहुधा चाळिशी ओलांडलेला, संगणकाच्या कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर असलेला, आणि डॉक्टरांनी रक्तातील साखरेविषयी दोन शब्द सुनावल्यामुळे लोखंडाच्या आश्रयास गेलेला सद्‌गृहस्थ असतो. लोखंडाने त्याला प्रथम काही महिने सांभाळून घेतले. मग एके दिवशी डेडलिफ्ट मारताना कमरेने असहकार पुकारला, आणि ज्याचे वय याच्या नोकरीच्या वर्षांहून फारसे अधिक नव्हते अशा ट्रेनरने त्याला बजावले, ‘सर, आठवड्यातून दोन दिवस रेस्ट घेत जा.’

‘रेस्ट डेला काय करायचं?’

‘काही नाही, सर.’

‘काही नाही म्हणजे नक्की काय?’

ज्या मनुष्याने वीस वर्षांत उद्दिष्ट, मुदत आणि अहवाल यांच्यावाचून साधी सहलही काढली नाही, त्याच्या मनात ‘काही नाही’ या हुकमाने केवढी पोकळी निर्माण होते, याची त्या पोराला कल्पना नसावी. तिसऱ्यांदा तोच प्रश्न आल्यावर तो कंटाळून म्हणाला, ‘थोडं चालून या, सर. ॲक्टिव्ह रिकव्हरी.’ एवढे दोन शब्द बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आणि एका चौकोनी, सुखी कुटुंबाच्या बुधवार-रविवारांवर त्या क्षणी जी जप्ती आली, ती अद्याप उठलेली नाही.

शास्त्र मात्र त्याच्या बाजूचे आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वजन उचलताना स्नायू बळकट होत नसून त्या वेळी तो केवळ जेरीस येतो. बळकटी येते ती पुढच्या दिवसा-दोन दिवसांत, मनुष्य जेवत असताना आणि निजलेला असताना, स्नायूतील प्रथिनांची बांधणी वाढते तेव्हा. अनभ्यस्त मेहनतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जो ठणका ‘आई गं’ म्हणायला लावतो, तो स्नायूतच झालेल्या सूक्ष्म फाटाफुटीचा असावा, असा निष्कर्ष थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच काढून ठेवला होता. पुढे १९३६ साली हान्स सेल्ये याने उंदरांचे हाल करून असे मांडले की, देहावर ताण पडला म्हणजे तो आधी हादरतो, मग तोंड देतो, आणि ताण हटलाच नाही तर अखेर हात टेकतो. आजचे ट्रेनर कळत-नकळत याच तीन पायऱ्यांवर उदरनिर्वाह करीत आहेत. हलकी हालचाल, म्हणजे चालता चालता शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील आणि दम लागणार नाही इतपतच, केल्याने अंगाचा ताठरपणा कमी वाटतो आणि ठणका थोडा सुसह्य होतो. या उपायाचे माहात्म्य एवढेच आहे, आणि तेवढ्यापुरते ते खरे आहे.

विश्रांतिवीराला हे सर्व मुखोद्गत असते. ते तो गॅसची टाकी आणून देणाऱ्यालाही समजावून सांगतो, आणि तो बिचारा लिफ्ट बंद असल्यामुळे चार मजले टाकी खांद्यावर घेऊन चढलेला असल्याकारणाने तेवढा वेळ भिंतीला टेकून विसावा घेतो; माझ्या माहितीप्रमाणे या संबंध विद्येचा प्रत्यक्ष लाभ झालेला तो एकमेव इसम होय. एका बाबतीत मात्र विश्रांतिवीराचे दप्तर जुने आहे. अंग दुखण्याचा सारा ठपका तो अजून लॅक्टिक ॲसिडवर ठेवतो. वास्तविक ते व्यायामानंतर तासाभरात रक्तातून जवळजवळ निघून गेलेले असते, आणि दुसऱ्या दिवशीच्या गुन्ह्याच्या वेळी ते घटनास्थळी हजरच नसते. हे मी एकदा त्याच्या कानावर घातले. त्याने मला पाणी कमी पितोस काय, असे विचारले.

त्याचा बुधवार पहाटे साडेचारला सुरू होतो, कारण एवढी विश्रांती उरकायची तर दिवस पुरत नाही. प्रथम तो मनगटावरच्या घड्याळापुढे हजेरी देतो. हे घड्याळ रात्रभर त्याच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अंतराचा चढउतार टिपून सकाळी शंभरपैकी गुण जाहीर करीत असते. आपण थकलो आहोत की नाही हे स्वतःच्या अंगाला विचारण्याचा वडिलार्जित हक्क त्याने या यंत्राकडे गहाण टाकलेला असून, गुण कमी पडले तर ठणठणीत असतानाही तो म्लान होतो, आणि जास्त पडले तर नाक वाहत असतानाही प्रफुल्लित दिसतो. मग दिवाणखान्यातले टेबल सरकवून फोम रोलर नावाचे एक खरबरीत नळकांडे जमिनीवर ठेवले जाते, आणि एरवी लाटणे फिरते व पोळी स्थिर राहते हा जो स्वयंपाकघरातला नियम, तो उलटा करून हा गृहस्थ स्वतः लाटण्यावर मागेपुढे फिरू लागतो. त्या वेळी त्याच्या मुखातून जे ध्वनी बाहेर पडतात, त्यांविषयी खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या चिटणिसाकडे लेखी खुलासा मागितल्याचे ऐकिवात आहे. त्यानंतर सांधे मोकळे करण्याचा कार्यक्रम, त्यानंतर भिंतीला पाय लावून उताणे पडण्याचा कार्यक्रम, आणि दिवसभरात दहा हजार पावले. हा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावावरून रूढ झाला, एरवी त्यामागे फारसे शास्त्र नव्हते. पण विश्रांतिवीर तो स्मृतिवचनासारखा पाळतो, आणि रात्री पावणेअकराला पावले कमी भरली तर पार्किंगमध्ये फेऱ्या घालून हिशेब पुरा करतो. रखवालदार प्रारंभी उठून उभा राहत असे. आता राहत नाही.

परंतु बुधवार ही नुसती रंगीत तालीम. खरी विश्रांती रविवारची. त्या दिवशी व्यायामगृहातील समानधर्मी मंडळी पहाटेच गाड्या काढून सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीस जमतात, आणि सुमारे ६०० मीटरांचा तो चढ ‘अगदी हलक्यात’ चढून जाण्याचा संकल्प करतात. पहिल्या वळणापर्यंत संकल्प टिकतो. मग मागून एखादा काटकुळा विद्यार्थी, किंवा त्याहून वाईट म्हणजे पासष्ट वर्षांच्या एखाद्या आजी, नऊवारीचा ओचा सावरीत पुढे निघून जातात, आणि विश्रांतीच्या अब्रूचा प्रश्न निर्माण होतो. यानंतर गप्पा बंद पडतात, तोंडे उघडी पडतात, घड्याळे ओरडू लागतात, आणि पुणे दरवाजाशी पोचेपर्यंत मंडळींचा वर्ण त्यांच्या सदऱ्यांशी स्पर्धा करू लागतो. १६७० साली याच गडावर तानाजी मालुसऱ्यांबरोबर रात्रीच्या अंधारात जे मावळे चढले, त्यांच्यापैकी कोणी त्या कामाला विश्रांती म्हटल्याचे कोणत्याही बखरकाराने नमूद केलेले नाही. वर पोचल्यावर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही यांचा समाचार घेतला जातो. भज्यांच्या दुसऱ्या बशीच्या समर्थनार्थ पिठल्यातील प्रथिनांचा हिशेब मांडण्यात येतो, आणि तो बशी संपेपर्यंत चालतो.

उतरून घरी आल्यावर बर्फ. कारखान्यातून आणलेली लादी फोडून ती न्हाणीघरातल्या निळ्या पिंपात टाकायची आणि त्यात गळ्यापर्यंत बसायचे, हा विधी त्याने कुठल्याशा परदेशी खेळाडूच्या चित्रफितीवरून उचलला. यावरही शास्त्राने त्याची पंचाईत करून ठेवली आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वजने उचलून झाल्यावर काही जणांना थंड पाण्यात बसविले आणि काहींना हलकी सायकल चालवायला लावली. बारा आठवड्यांअंती स्नायूंची वाढ आणि बळ यांत सायकलवाले पुढे निघाले. ही वार्ता विश्रांतिवीरास कळली तेव्हा त्याच्या घरच्यांना वाटले, चला, पिंप तरी मोकळे होईल. त्याने पिंप ठेवले आणि सायकल आणली.

वास्तविक विश्रांती ही विद्या या प्रांताला परकी नव्हे. शाहू महाराजांनी १९१२ साली ज्या कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले, त्या कोल्हापूरच्या तालमींत वस्ताद पठ्ठ्याला मेहनत, खुराक आणि आराम अशी तीन कामे लावून देत, आणि तिसऱ्यात कुचराई केली तर पहिल्यातल्या कुचराईइतक्याच शिव्या मिळत. पहाटे हौद्यात जोर-बैठका आणि लढती, मग दूध-बदामाची थंडाई, आणि दुपारी उन्ह चढले की पठ्ठा घोंगडीवर आडवा; त्याला कोणी हाक मारायची नाही, पाहुण्याने भेटायचे नाही, वस्तादानेसुद्धा आवाज करायचा नाही. ज्याने सकाळी शेकड्यांनी बैठका मारलेल्या असत, त्याला ‘काही नाही म्हणजे नक्की काय’ ही शंका येण्याइतके त्राण शिल्लक नसे. त्याच्याही आधी कैक शतके वाग्भटाने अष्टांगहृदयात निम्मी शक्ती शिल्लक ठेवूनच व्यायाम आवरावा, असे सांगून ठेवले. आणि अतिव्यायाम, जागरण, फार वाटचाल, फार बोलणे यांचा जो अतिरेक करील तो हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावेल, असा इशाराही दिला. विश्रांतिवीर या यादीतील चारही कलमे एकाच रविवारी पार पाडतो, हे पाहिले असते तर वाग्भटाने सिंह खोडून तेथे दुसऱ्या एखाद्या प्राण्याची योजना केली असती, असे मला वाटते.

यांतले जागरण हे कलम सर्वांत मौजेचे. स्नायूंच्या डागडुजीला झोपेसारखा दुसरा कारागीर नाही, हे त्याला ठाऊक असते. इतके ठाऊक असते की झोपेच्या महत्त्वाविषयीची व्याख्याने तो रात्री साडेबारापर्यंत कानात घालून ऐकत असतो आणि साडेचारला उठून झोपेचे गुण तपासतो. त्याची वृद्ध आई एखाद्या दुपारी कळवळून म्हणते, ‘अरे, जरा पड की घटकाभर. डोळे बघ कसे ओढलेत.’ तो तिला समजावतो, ‘आई, नुसतं पडणं म्हणजे पॅसिव्ह.’ माउली निरुत्तर होते आणि आत जाऊन स्वतः पडते. बायको अधिक व्यवहारी आहे. जिमच्या दिवशी स्वारी दीड तास घराबाहेर असते, परत येते ती थकलेली, वाढलेले निमूट जेवणारी आणि अल्पभाषी असते. तेव्हा बुधवारी सकाळी टेबल सरकल्याचा आवाज आला की ती स्वयंपाकघरातूनच म्हणते, ‘अहो, आज जिमलाच जा ना. काय होतंय एका दिवसानं?’ या वाक्यातील आर्जव त्याला आपल्या प्रकृतीच्या काळजीपोटी आलेले वाटते, आणि तो सद्गदित होऊन तिलाही रोलरवर निमंत्रण देतो.

अशा गृहस्थाकडे आपले काही काम असेल, म्हणजे घरच्या लग्नाची पत्रिका द्यायची असेल किंवा सोसायटीच्या थकबाकीविषयी दोन शब्द बोलायचे असतील, तर वाचकांनी बुधवार आणि रविवार कटाक्षाने टाळावेत. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता जावे. त्या दिवशी पायांचा व्यायाम झालेला असतो, एकदा खुर्चीत बसला की त्याला उठवत नाही, बोलण्याचे त्राण नसल्यामुळे तो आपले म्हणणे ऐकून घेतो, घरातल्या मंडळींचे चित्त प्रसन्न असल्यामुळे चहाही चांगला मिळतो, आणि थकबाकीचा चेक बहुधा त्याच बैठकीत निघतो.