शंभर टक्के निकालाच्या शिल्पकारांस

प्रति,
माननीय संस्थाचालक व मुख्याध्यापक,
दहावीच्या शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा सांगणाऱ्या समस्त माध्यमिक शाळा.

विषय : नववीच्या गणिताचा प्रश्न कायमचा निकालात काढल्याबद्दल अभिनंदन.

महोदय,

नववीतल्या कच्च्या मुलांना गणितात हात कसा द्यावा, यावर तज्ज्ञमंडळी चर्चासत्रे भरवत राहिली. आपण मात्र तो प्रश्न एकही जादा तास न घेता सोडवून मोकळे झालात. याबद्दल आपले जाहीर आभार मानायचे राहूनच गेले होते. शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून आठवीपर्यंत कुणालाही नापास करायला मनाई केली. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षेची वाट मोकळी केली, २०२३मध्ये महाराष्ट्राने ती धरलीही. तरी मुलाला खरोखर अडवायचे ठिकाण नववीच राहिले. दहावीचा निकाल मंडळ जाहीर करते, वर्तमानपत्रे छापतात, चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. नववीच्या निकालाची चौकशी कुणी करत नाही. ही फट आपण अचूक हेरलीत. गणितात गटांगळ्या खाणारे मूल दहावीच्या पटावर चढण्याआधीच पालकांना बोलावून घ्यायचे, ‘याला झेपायचे नाही, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा,’ असे आपुलकीने सांगायचे आणि शाळा सोडल्याचा दाखला हातावर ठेवायचा. छेद लहान केला की अपूर्णांकाची किंमत वाढते. हा नियम मुलांच्या डोक्यात शिरत नाही अशी आपली तक्रार असते. संस्थेला मात्र तो पक्का अवगत आहे.

आता ज्यांना आपण असे मार्गी लावता, ती मुले कोण? आपल्या बोलण्यावरून वाटते की वर्गात चार-पाच ‘ढ’ असतात आणि बाकीचा वर्ग सुरळीत चाललेला असतो. आकडे वेगळे बोलतात. केंद्राच्या ‘परख’ यंत्रणेने डिसेंबर २०२४मध्ये तिसरी, सहावी आणि नववीच्या सुमारे एकवीस लाख विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण केले. गणिताची सरासरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ आणि नववीत ३७ टक्के निघाली. तिन्ही इयत्तांचे प्रश्न वेगळे असल्यामुळे हे आकडे शेजारी ठेवताना जपून राहायला हवे, हे खरे. पण सहावीत दहापर्यंतचे पाढे येणारी मुले ५३ टक्केच भरली, यात जपून वाचण्यासारखे काही उरत नाही. २०२३च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले होते. जमले ते ४३ टक्क्यांना. म्हणजे गणितात कच्चे मूल हा आपल्या वर्गातला अपवाद नव्हे, बहुमत त्याचे आहे. आणि या बहुमतापुढे आपण जूनमध्ये काय ठेवतो? आठवीपर्यंतचे एकसंध गणित संपून बीजगणित आणि भूमिती अशी दोन पुस्तके हातात येतात. बालभारतीच्या २०१७च्या पुस्तकांत पहिल्या भागात संच, वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणे. दुसऱ्यात समांतर रेषांपासून थेट त्रिकोणमितीपर्यंत. पुस्तके वाईट नाहीत, उलट पूर्वीच्या मानाने नेटकी आहेत. फक्त भागाकार येतो, अपूर्णांकाची भीती नाही आणि ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ असे मांडण्याइतकी भाषा तयार आहे, एवढे त्यांनी गृहीत धरले आहे.

हे गृहीतक कोलमडते तिथे काय होते, हे पाहण्यासाठी निकालपत्रक उपयोगाचे नाही. उत्तरपत्रिका उघडाव्या लागतात. एक मूल उणे तीन उणे चार याचे उत्तर अधिक सात लिहिते. आपण त्यावर लाल फुली मारता आणि शेजारी ‘निष्काळजीपणा’ असा शेरा देता. पण ते मूल निष्काळजी मुळीच नाही, फार आज्ञाधारक आहे. ‘उणे उणे अधिक’ असे त्याला घोकायला लावले होते, ते गुणाकारापुरतेच आहे हे कुणी सांगितले नव्हते. दुसरे मूल तीन एक्स बरोबर बारा हे समीकरण सोडवताना तीनला पलीकडे नेते, चिन्ह बदलते आणि एक्सची किंमत नऊ काढते. त्यानेही नियम पाळला आहे. बाजू बदलली की चिन्ह बदलते, हे वाक्य त्याला पाठ आहे. तिथे आपण दोन्ही बाजूंना एकच क्रिया करत असतो, हे त्याला दिसलेले नाही. याच्याही मुळाशी जावे तर सापडते ते बिचारे बरोबरचे चिन्ह. अमेरिकेत फॉकनर, लेव्ही आणि कार्पेंटर यांनी १९९९मध्ये एक साधा प्रश्न चर्चेत आणला : आठ अधिक चार बरोबर रिकामी चौकट अधिक पाच. सहावीच्या १४५ मुलांपैकी एकानेही चौकटीत सात लिहिले नाही. सगळ्यांनी बारा किंवा सतरा लिहिले. वर्षानुवर्षे गणिते डावीकडून उजवीकडे सोडवल्यामुळे त्या चिन्हाचा अर्थ त्यांच्या लेखी ‘आता उत्तर लिहा’ असा झाला होता. दोन्ही बाजूंची किंमत सारखी, हा अर्थ ज्याच्या मनात नाही, त्याला दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवण्याचा आपला उत्साह दाद देण्याजोगा आहे. त्यातून त्या मुलाची शाळा सेमी इंग्रजीची असली, तर हाच घोटाळा त्याला नव्या शब्दांत नव्याने घालावा लागतो, ते निराळेच.

यावर आपले पहिले उत्तर ठरलेले असते : हा दोष प्राथमिकचा, आम्ही काय करणार? उत्तर खोटे नाही. रॉबर्ट सिग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची अनेक वर्षांची माहिती तपासून दाखवले की दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती कळला आहे, यावरून पुढे पाच-सहा वर्षांनी माध्यमिकच्या गणितात मूल कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. बुद्ध्यंक, घरची मिळकत, पालकांचे शिक्षण हे सगळे हिशेबात घेऊनही. आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून ते उत्तम आहेत. पण याच साक्षीदाराने दुरुस्ती कुठे करायची तेही सांगून ठेवले आहे, आणि तो भाग आपण सोयीने ऐकत नाही. संपूर्ण प्राथमिक गणित पुन्हा शिकवा असे कुणीच म्हणत नाही. गाठी मोजक्या आहेत : भागाकार, अपूर्णांक, ऋण संख्या, बरोबरचे चिन्ह. दोष कुणाचा हे ठरवायला समिती नेमता येईल, परंतु मूल सध्या आपल्या वर्गात बसले आहे.

दुसरे उत्तर अधिक भारदस्त : पोर्शन पूर्ण व्हायला हवा. इथे दिल्लीतल्या एका प्रयोगाची नोंद घ्यावी लागते. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी तो २०१९मध्ये प्रसिद्ध केला. शाळा सुटल्यावरच्या केंद्रांत मुलांना त्यांच्या इयत्तेऐवजी त्यांच्या खऱ्या पातळीवरचे गणित दिले गेले. साडेचार महिन्यांत ती मुले इतरांच्या बरीच पुढे गेली. मला त्याहून बोलकी वाटते ती तुलनेसाठी ठेवलेल्या, म्हणजे नेहमीसारखी फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांची गोष्ट. त्यांच्यातल्या तळाच्या एक तृतीयांश मुलांची प्रगती जवळपास शून्य होती. त्यांचाही पोर्शन नेमाने चालूच होता. मग आपण पूर्ण करतो तो पोर्शन कोणाचा? फळ्यावरचा आणि लॉगबुकातला तो पूर्ण होतो, यात शंका नाही.

या अभ्यासातली एक नोंद आपल्या हाती आयतीच लागेल, म्हणून ती मीच देतो. तळाच्या मुलांचे गणित सुधारले, तरी शाळेच्या परीक्षेतल्या गुणांत ते दिसले नाही. कारण परीक्षा त्यांच्या इयत्तेची, आणि सुधारूनही ती मुले इयत्तेच्या मागेच होती. ‘पाहा, काही उपयोग नाही,’ असे यावरून म्हणता येईल. मी उलटे म्हणतो. चार-पाच महिन्यांत गुण वाढत नाहीत, म्हणूनच कामाला नववीच्या जूनमध्ये लागले पाहिजे. दहावीच्या डिसेंबरात, सराव परीक्षेचे आकडे पाहून घाम फुटल्यावर नव्हे. मंडळाची परीक्षा वीस-एकवीस महिने लांब असलेले हे शेवटचे वर्ष आहे, आणि तेच आपण चाळणीसाठी राखून ठेवले आहे. ज्यांना चाळणीतून जाऊ दिले, त्यांना नववीच्या उन्हाळ्यात लगेच दहावीच्या व्हेकेशन बॅचला बसवले जाते. तिथे बहुपदींवर वर्गसमीकरणांचा मजला चढतो.

हुशार मुलांचे काय, हा प्रश्न पालक-शिक्षक संघात उठतोच, आणि उठवणारे पालक बहुधा पहिल्या बाकाचे असतात. त्यांच्या शंकेत तथ्य आहे : सगळ्या वर्गाला दोन महिने भागाकार शिकवला, तर ज्याला तो येतो त्याच्यावर अन्याय होईल. पण तसे करायचेच नाही. अ, ब, क या तुकड्यांचे गणिताचे दोन तास वेळापत्रकात एकाच वेळी ठेवले, तर मुले त्या दोन तासांपुरती अडचणीप्रमाणे वेगळी बसू शकतात. अपूर्णांकाचा गट वेगळा, समीकरणाचा वेगळा, ज्यांना दोन्ही येते त्यांना पुढचे कूट. गाठ सुटली की मूल गट बदलते. ‘ढ तुकडी’ हा शिक्का बसतो तो गट कायमचा झाला की, आणि तशी तुकडी आपण आजही चालवता. फक्त तिला तुकडी ‘क’ म्हणता आणि नव्याने लागलेले शिक्षक देता. अशा छोट्या गटांनी काय साधते हे शोधायला दूर जायला नको. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यातल्या पालिका शाळांत तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर बसवून वस्तीतल्याच, बेताच्या शिकलेल्या तरुणी शिकवत होत्या. त्याचे मोजमाप बॅनर्जी आणि डुफ्लो यांच्या गटाने केले, आणि सर्वाधिक फायदा तळाच्या मुलांना झालेला आढळला. ती मुले लहान होती, नववीचे घोडे अधिक हट्टी असते, हे मान्य. पण त्या तरुणींकडे बीएडची पदवी नव्हती आणि आपल्या शिक्षकांकडे ती आहे.

एका आक्षेपापुढे मात्र उपरोध गिळावा लागतो. साठ-सत्तरचा पट, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, रिक्त पदे आणि रोजचे ऑनलाइन भरणे सांभाळून गणिताच्या एकट्या शिक्षकाने हे सगळे करावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून हे पत्र त्यांना लिहिलेले नाही. वेळापत्रक संस्था ठरवते. दहावीच्या जादा तासांना, सरावसंचांना आणि शुभेच्छा समारंभाला माणसे आणि पैसा तीच उभा करते. त्यातला एक हिस्सा नववीकडे वळवायचा की नाही हा निर्णय वर्गात होत नाही. शासनाने तरी काय वेगळे केले? ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय दिला, मग काढून घेतला. २०२४च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात ३५ऐवजी २० गुणांवर पुढे जाऊ देण्याची आणि गुणपत्रिकेवर तसा शेरा मारण्याची सूचना आली. दाराची उंची कमी-जास्त करण्यावर सर्वांचे एकमत आहे, तिथवर चालत येणाऱ्याच्या पायांकडे पाहायला कोणी तयार नाही.

तेव्हा विनंती एवढीच की येत्या जूनमध्ये पुस्तक उघडण्याआधी नववीला दहा प्रश्नांची चाचणी द्यावी. तिला गुण नसावेत, पालकांची सही नसावी, ती कुठल्याही पोर्टलवर भरू नये. उत्तरे बरोबर-चूक अशी न तपासता चुकांच्या जातीप्रमाणे लावावीत. उणे तीन उणे चारवाले एकीकडे, तीनला पलीकडे नेणारे दुसरीकडे. दिवाळीपर्यंत आठवड्याचे दोन तास या गटांना द्यावेत, आणि शाळेतल्या सर्वांत अनुभवी गणित शिक्षकांना सर्वांत कच्चा गट द्यावा. यासाठी संचातले किंवा त्रिकोण रचनेतले काही प्रश्न राहून गेले, तर ते राहू द्यावेत. त्यांची नोंद लॉगबुकात खुशाल ‘पूर्ण’ अशी करावी. तसा सराव आपल्याला आहेच.

कळावे,
आपला,
पटावरून कमी झालेल्यांचा एक हितचिंतक

ता. क. : आठ अधिक चारचा तो प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या सभेत सोडवायला देऊ नये. सभा लांबते.